पुलापलीकडचं सरपण

डेल्फीन काडोटच्या फाटकातून बाहेरच्या लाकडाची एक ढलपीसुद्धा आत जात नाही, असं सगळी वस्ती म्हणायची, आणि कुणी म्हटलं नाही तर डेल्फीन स्वतःच म्हणायची. मे ते ऑक्टोबर ती तळ्याकाठच्या कॅम्पच्या फाटकावर बसायची. कॅम्प वस्तीच्या मालकीचा, आणि वस्ती या भागातल्या मूळ आदिवासींची. मोठ्या पुलावरून दक्षिणेकडची माणसं तंबू ठोकायला यायची. गाडीच्या टपावर होडी, मागच्या सीटवर कुत्रा, आणि दहातल्या सहांच्या डिकीत घरून आणलेलं सरपण. जंगलात राहायला निघालेल्या माणसानं लाकूड घरून का आणावं, हे कोडं डेल्फीनला आयुष्यात सुटलं नाही.

ती खुर्चीतून उठायची, कंबरेवर हात ठेवायची आणि डिकी उघडायला लावायची.

"हे अ‍ॅशचं लाकूड आहे."

"असेल. आमच्या अंगणातलं झाड होतं. वाळलं, म्हणून तोडलं. फार छान जळतं."

"का वाळलं?"

ते कुणालाच माहीत नसायचं. मग डेल्फीन सांगायची. हिरवा, चकचकीत, बोटाच्या पेराएवढाही नाही असा एक भुंगेरा असतो. सालीखाली त्याच्या अळ्या असतात, झाडाचा रस ज्यातून वाहतो तोच थर त्या खातात, आणि झाड उभ्या उभ्या उपाशी मरतं. स्वतःच्या पंखांनी हा भुंगेरा वर्षाला एखाददुसरा मैल जातो. "आणि तुमच्या डिकीत बसला की तासाला सत्तर मैल. त्याला पंख कशाला हवेत? त्याला तुम्ही आहात." लोक चिडायचे. काही जण पैसे परत मागायचे. एका म्हाताऱ्यानं तिला पोलिसांची धमकी दिली, तर तिनं फोन त्याच्या हातात दिला आणि नंबर सांगितला.

जप्त केलेलं लाकूड ती त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत, लोखंडी पिंपात सालीसकट जाळायची आणि बदल्यात इथल्याच मेपलची एक मोळी फुकट द्यायची. ही गोष्ट घडली त्या उन्हाळ्यात फाटकावर ल्युएला नावाची एक नवी बाई लागली होती, दोन लेकरांची आई, तोंडाची जरा सैल. ती डेल्फीनला जेलरबाई म्हणायची. पुढं सगळे म्हणायला लागले.

इतका कडवेपणा कशासाठी, हे वस्तीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. काडोटांच्या घरामागं दलदल होती आणि त्या दलदलीत काळा अ‍ॅश होता, अ‍ॅशचीच एक जात. डेल्फीनची आई मदलीन त्याच्या टोपल्या विणायची, आईची आईही तेच करायची. पन्नास झाडांत एखादं टोपलीच्या कामाचं निघतं. सरळ, बिनगाठीचं, ना फार हळू वाढलेलं ना फार भरभर. ते सापडलं की बुंध्याशी चिमूटभर तंबाखू ठेवायची, परवानगी मागायची आणि मगच कुऱ्हाड लावायची. साल काढून ओंडका कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं कुटायचा, वीतभर, वीतभर, अख्खी लांबी. कुटता कुटता एकेका वर्षाची वाढ पट्टी होऊन सुटी होते. असं दुसरं कुठलंच लाकूड सुटत नाही. "टोपली झाड करतं," मदलीन म्हणायची, "आपण नुसतं बडवायचं." डेल्फीन अठ्ठावन्न वर्षांची झाली होती आणि पन्नास वर्षं बडवत होती. दलदल गेली तर तिच्या हातांना करण्यासारखं काही उरणार नव्हतं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मदलीन गेली. झोपेतच गेली. दुपारपर्यंत अंगणात अग्नी पेटला. चार दिवस तो विझू द्यायचा नाही, कारण जाणारं माणूस चार दिवस चालत असतं आणि त्याला उजेड लागतो. मदलीनचा भाऊ एमस, डेल्फीनचा मामा, अग्नीपाशी बसला. ऐंशीचा म्हातारा, पण त्या खुर्चीतून चार दिवस त्याला कुणी हलवू शकलं नसतं. माणसं येत होती, कुणी रानतांदळाची खीर, कुणी भाजलेला मासा, कुणी कॉफीचा थर्मास, आणि प्रत्येक जण हातात किंवा गाडीत थोडं सरपण घेऊन. मोकळ्या हातानं त्या अग्नीपाशी कुणी येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरिन आला.

ऑरिन म्हणजे डेल्फीनचा धाकटा भाऊ, दक्षिणेकडे गाड्यांच्या कारखान्यात गेलेला. बापाच्या मातीला तो तिसऱ्या दिवशी उगवला होता, तोही पिऊन, आणि कबरीपाशी घसरून पडला होता. त्याला पंधरा वर्षं झाली. त्यातली शेवटची सहा त्यानं दारूला हात लावला नव्हता, असं तो फोनवर सांगायचा. मदलीनचा विश्वास बसायचा. डेल्फीन म्हणायची, "हो का, बरं." प्रत्येक सणाला मदलीन त्याचं ताट वाढून ठेवायची आणि संध्याकाळी ते डेल्फीनला कुत्र्यापुढं रिकामं करावं लागायचं.

तो पिकअपमधून उतरला तेव्हा अंगणातलं बोलणं थांबलं. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, पाय जमिनीवर सरळ. सगळ्यांनी आधी पायच पाहिले. त्यानं मामाच्या पुढ्यात तंबाखू ठेवली, मग डेल्फीनला मिठी मारली, आणि तिला कारखान्याच्या साबणाशिवाय कसलाही वास आला नाही.

"रात्रीच निघालो," तो म्हणाला. "फोन आला तसा लाकूड भरलं आणि निघालो. बघ ना डेल, मी स्वतः फोडलंय. एकेक."

त्यानं मागची फळी खाली केली. गाडी काठोकाठ भरलेली. अ‍ॅश. एका मापाचे तुकडे, सुतळीनं बांधलेले, रुग्णाच्या उशाशी फळं रचावी तसे रचलेले. सालीवर भोकं होती, पेन्सिलीच्या टोकाएवढी, एका बाजूनं गोल, दुसऱ्या बाजूनं सपाट. एका तुकड्याची साल सुटली होती आणि खाली अळीनं कोरलेली नागमोडी वाट सरळ दिसत होती. डेल्फीननं असं लाकूड शंभर डिक्यांमधून बाहेर काढलं होतं. हे ओळखायला तिला डोळे उघडायचीही गरज नव्हती.

"कुठलं झाड?" तिनं विचारलं.

"माझ्या दारातलं. भाड्याच्या घराच्या. मागच्या शरदात तोडलं, अर्धं वाळलंच होतं. आईला फोनवर सांगायचो, दारात अ‍ॅश आहे म्हणून. ती म्हणायची, मग तू घरीच आहेस." त्यानं एका मोळीची सुतळी सारखी केली. "तिच्यासाठी दुसरं काही नव्हतं गं माझ्याकडे आणायला."

डेल्फीननं तोंड उघडलं. अंगणात तीस माणसं उभी होती. तिला वाटलं, आत्ता जर मी म्हटलं, हे परत ने, तर हा गाडीत बसेल, वळवेल आणि जाईल, आणि पहिल्या बारपाशी थांबेल, आणि आईच्या मातीला हा नसेल, आणि या वेळी ते मी केलेलं असेल. मामा खुर्चीतूनच म्हणाला, "आण पोरा. या अग्नीसाठी आलेलं काही मागं जात नाही." तोंड उघडलं होतं तसं तिनं मिटलं. परक्यांसाठी तिच्याकडे दहा मिनिटांचं भाषण होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे तिच्याही घरी होतंच, फक्त आजवर कुणी फाटकावर आणून दाखवलं नव्हतं.

तिनं स्वतःची समजूत घातली की अग्नीच आहे, जळून जाईल सगळं. तेवढ्यासाठी ती मामाजवळ जाऊन हळूच म्हणाली, "मामा, हे आधी लावा ना."

"आधी?" मामानं तिच्याकडे असं पाहिलं की ती लहान झाली. "सात तासांवरून लेकानं आणलंय ते मी कॉफी उकळायला घालू? हे चौथ्या दिवशी. तिला शेवटचं पोचवायला."

म्हणून ते झाकून ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळपासून फक्त ऑरिनचं लाकूड जळलं. ऑरिन अग्नीशेजारी उभा राहिला, माती दिली, रडला, पडला नाही. वस्तीतल्या बायका डेल्फीनला म्हणाल्या, बघ, सुधारला तुझा भाऊ. दुपारी अग्नी शांत केला तेव्हा अर्धी गाडी लाकूड शिल्लक होतं.

आणि काडोटांच्या घरात मदलीनचा एक नियम होता. दुसऱ्या घरांत असेल नसेल, त्यांच्या घरात होता. मेलेल्यासाठी आलेलं सरपण उरलं तर ते चुलीत घालायचं नाही, विकायचं नाही, त्याला पुन्हा काडी लावायची नाही. ते ज्याचं होतं त्याला मिळालं. त्याला झाडांच्या कडेला ठेवायचं आणि आपसूक मातीत जाऊ द्यायचं. मामानं आणि ऑरिननं ते उचललं आणि मदलीनला आवडायची म्हणून दलदलीच्या कडेचीच जागा निवडून तिथं नीट रचलं. सगळ्यांत जवळचा काळा अ‍ॅश तिथून वीस पावलांवर होता. डेल्फीन दारात उभी राहून बघत होती, हातात कपबश्यांचा ट्रे.

ऑरिन गेला की जाळून टाकू, असं तिनं ठरवलं. ऑरिन गेला. मग ठरवलं, मामा दोन दिवस राहतोय, तो गेला की. मामा गेला. मग फाटक सुरू झालं. जूनच्या पहिल्या रविवारी ती रॉकेलचा डबा आणि काडेपेटी घेऊन त्या राशीपाशी गेलीसुद्धा. बराच वेळ उभी राहिली. आईचे कपडे अजून दोरीवर होते, कारण ते काढायला तिचा हात होत नव्हता, आणि इकडं आईचा नियम मोडायला ती काडी ओढणार होती. ती परत फिरली. त्याच दिवशी दुपारी तिनं एका म्हाताऱ्या जोडप्याच्या डिकीतून अकरा तुकडे काढले, त्यांना दहा मिनिटं सुनावलं आणि ते तुकडे पिंपात जाळले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या बाईनं जाताना तिला विचारलं होतं, "तुम्हाला कधी कुणाची दया येत नाही का हो?"

जुलैच्या मध्यावर तिनं राशीतला एक तुकडा उलटून पाहिला. सालीला नवी भोकं होती, कडा अजून पांढऱ्या. जे आत होतं ते बाहेर पडून गेलं होतं. आता जाळून काही उपयोग नव्हता, आणि तेव्हा तिनं ते जाळलं. आईचा नियमही गेला आणि दलदलही गेली. दोन्ही तिनं एकाच उन्हाळ्यात घालवलं आणि ते तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

पुढची तीन वर्षं दलदल हिरवी राहिली. डेल्फीन रोज सकाळी मागच्या दारात उभी राहून शेंडे बघायची. काही नाही. तिला वाटायला लागलं की हिवाळ्यानं मारले असतील, पक्ष्यांनी खाल्ले असतील, देव कधीकधी डोळेझाक करतो. चौथ्या हिवाळ्यात सुतार पक्षी आले, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त, आणि अ‍ॅशच्या साली सोलून सोलून बुंधे पिवळे पाडायला लागले. त्यांना आत अळ्या सापडत होत्या. वसंतात शेंडे फुटलेच नाहीत.

वस्तीच्या जंगल खात्याचा गॉर्डी आला. त्यानं सुरीनं एक साल उचकटली आणि डेल्फीनला दाखवली. तिनं पाहिल्यासारखं केलं.

"चार वर्षं तरी झालीत," गॉर्डी म्हणाला. "आणि सुरुवात इथूनच, तुझ्या कुंपणापासून. विचित्र आहे. कॅम्प पार पलीकडे."

"उडून आला असेल," डेल्फीन म्हणाली.

"एवढ्या लांबून? कुणीतरी आणलाय."

जूनमध्ये हॉलमध्ये सभा भरली. कॅम्पवाल्यांनी आणला यावर कुणाचंच दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की आत सोडला कुणी. ल्युएलानं पहिल्याच उन्हाळ्यात एक व्हॅन न तपासता सोडली होती. मागच्या सीटवर पोर रडत होतं आणि बाप गाडीच्या काचेवर डोकं टेकून होता, म्हणून तिनं जा म्हटलं. हे तिनं स्वतःच कधीतरी हसत हसत सांगितलं होतं, आणि वस्तीत हसत सांगितलेलं कुणी विसरत नाही. कौन्सिलच्या प्रमुख इर्मानं विचारलं, "त्या व्हॅनमध्ये सरपण होतं?"

"मी बघितलंच नाही," ल्युएला म्हणाली. "तेच तर सांगतेय ना. बघितलं नाही."

"डेल्फीन, तुझ्या पाळीत असं कधी?"

"नाही," डेल्फीन म्हणाली. ते खरं होतं. फाटकातून एकही तुकडा गेला नव्हता.

ल्युएलाला काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी, हात वर करून, सगळ्यांच्या सहीनं. डेल्फीनचाही हात वर गेला. बाहेर पडताना ल्युएला तिच्याजवळ थांबली. "जेलरबाई, सॉरी गं. तुझी झाडं गेली माझ्यामुळं." डेल्फीननं तिचा खांदा थोपटला. 

सप्टेंबरात ऑरिन आला, न बोलावता, दोन आठवड्यांची सुट्टी काढून. झाडं मरतायत हे त्याला मामाकडून कळलं होतं. अजून जिवंत होती त्यांतली कामाची झाडं आत्ताच तोडून, ओंडके नदीत बुडवून ठेवले तर काही वर्षं लाकूड ओलं, कुटण्याजोगं राहतं, म्हणून सगळ्या टोपलीवाल्या घरांत तोड चालू होती. ऑरिननं दहा दिवसांत सोळा झाडं पाडली. प्रत्येकाच्या मुळाशी तंबाखू ठेवायला तो विसरला नाही. संध्याकाळी दोघं अंगणात समोरासमोर बसून एक ओंडका कुटायची. लहानपणी बसायची तशीच. त्याचा हात अजून चांगला होता.

"त्या टुरिस्टांना एकेकाला धरून झाडाला बांधलं पाहिजे," ऑरिन म्हणाला. "एवढ्या पाट्या लावल्यात. पुलाच्या आधी आहे, नंतर आहे. सरपण जिथलं तिथंच जाळा. एवढाली अक्षरं."

"तू वाचली होतीस?"

"कधी?"

"आईच्या वेळी."

कुऱ्हाड मध्येच थांबली. तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं सगळं सांगितलं, कुटत कुटतच सांगितलं, मान वर न करता. भोकं, रास, जून, जुलै.

"वाचली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, टुरिस्टांसाठी आहे. मी तर घरी चाललो होतो."

"हं."

"तुला कळलं कधी?"

"फळी खाली केलीस तेव्हाच."

"तेव्हाच?" तो उभा राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आला होतास. शुद्धीत. मी परत ने म्हटलं असतं तर निघून गेला असतास. रस्त्यात कुठंतरी बसला असतास पीत."

"असं वाटलं तुला?"

"सगळ्यांनाच वाटलं असतं."

"मी सगळ्यांचं नाही विचारत." त्याचा आवाज चढला नाही, तेच तिला नको होतं. "डेल, मी परत नेलं असतं. पुलापर्यंत जाऊन टाकलं असतं आणि संध्याकाळच्या आत परत आलो असतो. जाऊन येऊन सहा तास. गाडीतून मी सात तास आलोच होतो, आणखी सहानं काय मेलो असतो?"

तिनं हातातली कुऱ्हाड खाली ठेवली.

"त्या फाटकावर तू रोज कुठल्या कुठल्या माणसांशी भांडतेस. आयुष्यात पुन्हा तोंड न दिसणाऱ्यांना उभं करून समजावतेस. त्यांना कळेल असं वाटतं तुला, म्हणूनच सांगतेस ना? मला एक वाक्य नाही सांगितलंस. भांडण्याइतकीही किंमत नव्हती माझी."

तिला म्हणायचं होतं की मी तुला सांभाळलं. पण ते म्हणण्याआधीच तिला कळलं की तसं काही तिनं केलेलं नव्हतं. एकोणीस वर्षं तिनं या माणसाला कबरीपाशी पडलेलाच ठेवला होता, आणि समोर उभा होता तो तिला दिसलाच नव्हता. तिनं ओंडक्यावरची सुटलेली पट्टी उगाच गुंडाळली आणि पुन्हा उलगडली.

"ती ल्युएला कुठं आहे आता?" ऑरिननं विचारलं.

"घरी."

"उद्या जायचं आपण. इर्माकडं. दोघांनी."

"हो," डेल्फीन म्हणाली. "मी सांगते."

सकाळी दोघं कौन्सिलच्या कचेरीत गेली. इर्मा होती, गॉर्डी होता, मामालाही कुणीतरी आणून बसवलं होतं. डेल्फीननं रात्रभर मनात वाक्य घोळवलं होतं. "मला दिसलं होतं." एवढंच. तीन शब्द. पण ऑरिनच आधी उठला, टोपी हातात घेऊन.

"ल्युएलाचा काही संबंध नाही," तो म्हणाला. "मी आणलं. आईच्या वेळी, गाडी भरून. आमच्या दारातलं मेलेलं झाड होतं. उरलेलं मीच नेऊन दलदलीपाशी ठेवलं."

गॉर्डीनं हळू शीळ घातल्यासारखा श्वास सोडला. कुंपणापासून का, याचं उत्तर त्याला मिळालं होतं. मामानं डोळे मिटले. "मीच आण म्हटलं," तो पुटपुटला, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. इर्मा ऑरिनकडे बघत होती. त्या नजरेत आश्चर्य अजिबात नव्हतं. ऑरिन काडोटकडून आणखी काय होणार होतं?

मग इर्मा वळली. "डेल्फीन, तू तर तिथंच होतीस. लाकडातलं तुझ्याएवढं कुणाला कळतं? तुला दिसलं नाही?"

 ऑरिन डेल्फीनकडे बघत होता. तो वाट बघत होता, हे तिला स्पष्ट कळत होतं. भिंतीवर तिनंच विणलेली एक टोपली टांगलेली होती, सगळ्या वस्तीच्या वतीनं कुणा मोठ्या पाहुण्याला द्यायची राहून गेलेली. शाळेतल्या ज्या आठ पोरींना ती दर शनिवारी विणायला शिकवायची, त्यांच्या आया तिच्या डोळ्यांपुढं येऊन गेल्या. तिनं तोंड उघडलं.

वेळ गेला. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू झाली आणि निघून गेली.

"तिला काय दिसणार?" शेवटी ऑरिन म्हणाला. "आई गेली होती तिची. डोळे सुजून बंद झालेले. मी थेट मामाच्या हवाली केलं."

"तरी मी म्हणतेय," इर्मा म्हणाली. तिनं डेल्फीनच्या हातावर हात ठेवला. "तू ते परत पाठवल्याशिवाय राहिली नसतीस."

डेल्फीननं होकारार्थी मान हलवली.

बाहेर पायऱ्यांवर ऑरिननं टोपी घातली. तिनं विचारलं, "खोटं कशाला बोललास?"

"माझं नाव आधीच तसं आहे. त्यात आणखी एक." तो गाडीची किल्ली शोधत होता, दोन्ही खिशांत, पुन्हा पहिल्या खिशात. "पण मी थांबलो होतो, डेल. तू बोलशील म्हणून. बराच वेळ थांबलो होतो."

चार दिवसांची सुट्टी बाकी असताना तो त्याच दुपारी गेला. वस्तीतल्या बायकांनी डेल्फीनला जेवण आणून दिलं, घरात कुणी गेल्यावर देतात तसं. असा भाऊ पदरी पडल्याबद्दल सगळ्यांना तिची कीव येत होती. पुढच्या सणाला तिनं त्याला फोन केला. त्यानं उचलला, हवापाण्याचं बोलला आणि ठेवला. तो पुन्हा पूल ओलांडून आला नाही.

मे महिन्यात फाटक उघडलं तेव्हा ल्युएला परत कामावर होती. कौन्सिलनं तिची माफी मागितली होती, लेखी. आता ती दर डिकीत कंबरेपर्यंत वाकून बघायची, पोर रडत असलं तरी. कॅम्पच्या वाटेवरचे अ‍ॅश तोडून टाकले होते, त्यामुळं फाटकापाशी ऊन फार लागायचं.

"एक बोलू का, राग नको मानूस," ल्युएला एका दुपारी म्हणाली. दोघी एका छत्रीखाली खुर्च्या ओढून बसल्या होत्या. "मागचा अख्खा उन्हाळा मला वाटायचं, ती व्हॅनच असणार. रात्री झोप लागायची नाही. पोराला मारलंसुद्धा एकदा, उगाच. आणि मग कळलं तुझा भाऊ. मी नवऱ्याला म्हटलं, बिचारी जेलरबाई, सख्ख्या भावानं तिच्या नाकाखालून नेलं. एरवी तिच्यासमोर ते लाकूड आलं असतं ना, तर तिनं एका नजरेत ओळखलं असतं. हो ना?"

वळणावरून एक गाडी येत होती, टपावर होडी, मागं झाकलेलं काहीतरी. डेल्फीन उठायला लागली. नेहमीसारखा तिनं कंबरेवर हात ठेवला.

"हो," ती म्हणाली. "ओळखलं असतं."